भाषेचें ऋण

परभाषा शिकणें चांगलें, ह्या सिद्धान्तास कोणीं हरकत घेतल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. शिक्षक तो मुलांस सांगतात, आईबाप तो शेजाऱ्यांस सांगतात, आणि नोकरी देणारे तर तो जाहिरातींतच छापतात. भाषा कोणती शिकावी, किती दिवसांत शिकावी, तिच्यापासून अर्थप्राप्ति किती होईल, ह्यांची चर्चा घरोघर होते. परंतु ती कोणापासून शिकावी, आणि ज्याच्यापासून शिकलों त्याचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. फी दिली असेल तर देणें फिटलें, आणि फी नसेलच तर देणेंहि नाहीं, असा आपला सरळ हिशेब असतो. हा हिशेब बरोबर आहे काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत आम्हीं विचारास घेतला आहे. तो एकादा ग्रंथ वाचून सुचलेला नाहीं. आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळें सुचला. ती चूक यथाक्रम पुढें येईल.

आमच्या पिढीनें इंग्रजी भाषा बहुतांशीं पुस्तकांतून पैदा केली. आमच्या घरीं आजोबांच्या वेळचे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे भाग होते. त्यांतील वाक्यांचीं भाषांतरें आम्ही वहीवर करीत असूं. पुस्तक हा मोठा सोयीचा गुरु आहे. रात्रीं बारा वाजतां उघडलें तरी तें जागें असतें, आणि वर्षभर उघडलें नाहीं तरी रुसत नाहीं. परंतु हवें तें पुस्तक जेथें हाताशीं नसे, तेथें भाषा शिकूं इच्छिणाऱ्यास माणसाच्या दाराशीं जावें लागे. टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला, साष्टीच्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकला, आणि १६१६ सालीं त्याचें ‘क्रिस्तपुराण’ ओंवीबद्ध मराठींत छापून निघालें. त्याचा हेतु धर्मप्रसाराचा होता हें उघड आहे. ज्यांच्यापासून भाषा घ्यावयाची त्यांसच त्या भाषेच्या साहाय्यानें आपल्या धर्माकडे वळवावयाचें, हा व्यवहार कितपत न्याय्य, ह्याविषयीं मतभेद होईल. पण तो चाळीस वर्षें त्या लोकांत राहिला आणि त्यांच्याच भूमींत मेला. घेतलें आणि निघून गेला, असा आरोप त्याच्यावर कोणास करतां यावयाचा नाहीं.

धर्मानंद कोसंबी ह्यांची गोष्ट तर आपल्या घरचीच. गोव्याच्या ह्या तरुणास बौद्ध धर्माचें ज्ञान मुळांतून मिळवावयाचें होतें. त्यासाठीं १८९९ च्या अखेरीस त्यांनीं घर सोडलें. पुणें, काशी, नेपाळ असें भटकत १९०२ सालीं ते सिंहलद्वीपास पोंचले, आणि तेथें विद्योदय विद्यालयांत सुमंगलाचार्यांपाशीं पाली शिकले. पुढें त्यांनीं फर्ग्युसन कॉलेजांत तीच भाषा आपल्याकडील तरुणांस शिकविली. आपल्या जुन्या शास्त्रकारांनीं मनुष्य जन्मतःच तीन ऋणें घेऊन येतो असें सांगितलें आहे; त्यांपैकीं ऋषिऋण तें विद्येचें. तें फेडण्याची रीत मोठी मार्मिक आहे. ज्यानें दिलें त्याला परत करून तें फिटत नाहीं. तें स्वाध्यायानें आणि पुढच्यास शिकवून फिटतें. कोसंबींनीं तें फर्ग्युसन कॉलेजांत फेडलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां पुस्तक आणि गुरुगृह ह्या दोहोंहून निराळा असा तिसरा मार्ग निघाला आहे. पाश्चात्यांत दोन स्वारांची एक सायकल असते, तिला टँडेम म्हणतात. तेंच नांव ह्या पद्धतीस पडलें आहे. फ्रान्स आणि जर्मनी ह्यांच्यांत १९६३ सालीं मैत्रीचा करार झाला, आणि त्यानंतर दोन्ही देशांच्या तरुणांच्या भेटी मुद्दाम घडवून आणण्यांत येऊं लागल्या. ह्या पद्धतीचा उगम त्या भेटींत आहे. फ्रेंच मुलानें जर्मन मुलास आपली भाषा द्यावी आणि त्याची आपण घ्यावी. गुरु कोणी नाहीं, शिष्य कोणी नाहीं, किंवा दोघेहि दोन्ही. ज्या राष्ट्रांनीं १८७० पासूनच्या ७५ वर्षांत एकमेकांशीं तीन युद्धें केलीं, त्यांच्या मुलांनीं एकमेकांचीं व्याकरणें सुधारीत एका बांकावर बसावें, ह्यांत केवळ भाषा शिकण्यापेक्षां पुष्कळ मोठा हेतु होता, हें सांगावयास नको.

पुढें हीच व्यवस्था इंटरनेटवर आली. २००७ सालीं अमेरिकेंत लाइव्हमोका निघालें, त्याच सुमारास जपानांत लँग-८ निघालें, २००८ सालीं स्पेनमध्यें बुसू निघालें. त्यानंतर हॅलोटॉक, टँडेम वगैरे मोबाईलवरील अ‍ॅप आलीं. सर्वांची रीत थोडक्यांत सारखीच. आपली भाषा कोणती आणि हवी ती कोणती, एवढें लिहावें. लगेच जगाच्या पाठीवरील माणसांची यादी छायाचित्रांसह समोर येते. त्यांतील एकास नमस्कार लिहावा. त्यानें उत्तर दिलें कीं संभाषण सुरू. आपण चुकीचें वाक्य लिहिलें तर समोरचा त्यावर रेघ ओढून खालीं शुद्ध वाक्य लिहून देतो. अर्धा तास तुझ्या भाषेंत, अर्धा तास माझ्या भाषेंत, असा सामान्यतः करार असतो. फी नाहीं, प्रवास नाहीं, ओळखीचें पत्र नाहीं. कोसंबींस ज्यासाठीं समुद्र ओलांडावा लागला, तें आज वाडीवरच्या मुलीस स्वयंपाकघराच्या ओट्याशीं उभें राहून मिळूं शकतें.

ह्या व्यवस्थेचे गुण कमी लेखण्याची आमची इच्छा नाहीं. विशेषतः लँग-८ मधील प्रघात आम्हांस फार उदात्त वाटला. तेथें शिकणारा परभाषेंत आपली रोजनिशी लिही, आणि ती भाषा ज्याची मायबोली असेल असा कोणीहि अनोळखी मनुष्य ती वाक्यावाक्यानें तपासून देई. ज्याची रोजनिशी तपासली तो तपासणाऱ्याच्या उपयोगी पडेलच असें नव्हतें. तपासणाऱ्याचें लिखाण तिसराच कोणी तपाशी. म्हणजे देणें एकाकडून आलें आणि गेलें दुसऱ्याकडे. ऋषिऋणाची जी कल्पना आम्हीं वर सांगितली, ती ह्या परदेशी मुलांनीं आपल्या शास्त्रकारांचें नांवहि न ऐकतां आचरणांत आणली होती.

तरीपण अर्ध्या तासास अर्धा तास हा जो करार, त्यांत एक गोम आहे, आणि ती कळावयास आम्हांस एक वर्ष आणि एका सज्जनाचें मन खर्चीं घालावें लागलें.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवितों. पंचवीस वर्षें आम्हीं वर्गांत कांटचें नीतिशास्त्र सांगितलें, पण तें सर्व इंग्रजी भाषांतरांच्या आधारें. नीतिशास्त्राच्या पायाविषयींचा त्याचा १७८५ सालचा लहानसा ग्रंथ मुळांत वाचावा, अशी इच्छा पन्नाशी उलटल्यावर उत्पन्न झाली. शिकवणीच्या वेळा आणि कॉलेजच्या वेळा जमेनात. तेव्हां एका विद्यार्थ्यानें वरील मार्ग दाखविला. आमच्या वांट्यास जे गृहस्थ आले ते पूर्व जर्मनीच्या जुन्या मुलुखांतील, साक्सनीमधील एका लहान गांवीं राहणारे निवृत्त ग्रंथपाल होते. त्यांच्या शाळेंत परभाषा म्हणून रशियन शिकवीत. इंग्रजी त्यांस जेमतेम येत होती. त्यांची मुलगी कॅनडांत स्थायिक झाली होती आणि नातवास जर्मन समजत नव्हती. नातवाशीं बोलतां यावें एवढ्यासाठीं सत्तरीच्या घरांत हे गृहस्थ इंग्रजी शिकावयास निघाले होते. दर रविवारीं सायंकाळीं एक तास, घड्याळ लावून, आम्ही बोलत असूं. जर्मन भाषेंत आपल्या ‘तुम्ही’ आणि ‘तूं’ सारखे ‘झी’ आणि ‘दू’ असे दोन शब्द आहेत. ‘दू’ म्हणण्याची सुरुवात दोघांपैकीं वडील असेल त्यानें करावयाची असा त्यांचा जुना शिष्टाचार. आमचें अखेरपर्यंत ‘झी’च चाललें होतें.

एका रविवारीं आम्हीं त्यांस कांटच्या वाक्यांतील एका शब्दाचा अर्थ विचारला. मनुष्यास केव्हांहि केवळ साधन म्हणून वागवूं नये, त्याच वेळीं तो स्वतः एक साध्य आहे हें ओळखून वागवावें, असा त्या प्रसिद्ध नियमाचा आशय आहे. त्यांतील ‘केवळ’ ह्या अर्थाचा मूळ शब्द ‘ब्लोस’. गृहस्थ हंसले. म्हणाले, हा शब्द आमच्या आजीच्या स्वयंपाकघरांतला आहे. ‘ब्लोस’ म्हणजे उघडें, ज्यावर कांहीं घातलेलें नाहीं असें. अनवाणी पायांसहि तो लागतो. मग त्यांनीं विचारलें, तुमच्या भाषेंत ह्याला काय म्हणतात? वर्षभरांत आमच्या भाषेविषयीं त्यांनीं विचारलेला हा पहिला प्रश्न. आम्हीं सांगितलें, ‘नुसता’. वरण नाहीं, तूप नाहीं, तो नुसता भात. आणि कोणी कांहीं काम न करतां बसला असेल तर तो नुसता बसला आहे. त्यांस तो शब्द इतका आवडला कीं त्यांनीं तो दोनतीनदां म्हणून पाहिला. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें, कारण तो अर्धा तास जर्मनचा होता.

दुसरा एक रविवार. भूतकाळाचीं रूपें पक्कीं करण्यासाठीं आम्ही त्यांस त्यांच्या लहानपणाविषयीं विचारीत असूं. लहानपण म्हटलें कीं भूतकाळ आपोआप येतो. त्या दिवशीं त्यांनीं १९६१ सालची हकीकत सांगितली. ते नऊ वर्षांचे होते. वडील भाऊ पश्चिम बर्लिनमध्यें कामास होता. ऑगस्टच्या १३ तारखेस शहरामधून काटेरी तार ओढली गेली आणि मग भिंत उभी राहिली. भाऊ ‘द्रूबेन’ राहिला. कोशांत ह्या शब्दाचा अर्थ ‘पलीकडे’ एवढाच आहे. परंतु पूर्वेकडचा मनुष्य तो उच्चारी तेव्हां त्याचा अर्थ पश्चिम जर्मनी असा होई, आणि पश्चिमेकडचा उच्चारी तेव्हां पूर्व जर्मनी असा होई. आई जेवावयास बसली म्हणजे पानाकडे पाहून तो एकच शब्द म्हणे, असें त्यांनीं सांगितलें. त्या दिवसाची आमची वही आम्हीं जपून ठेविली आहे. तींत लिहिलें आहे: “ब्लायबेन, राहणें. भूतकाळीं साहाय्यक क्रियापद ‘असणें’ लागतें. गति नसूनहि. अपवाद.” भावाविषयीं अक्षर नाहीं. तो पुढें केव्हां भेटला, भेटला कीं नाहीं, हें आम्हीं विचारलेंहि नाहीं. अपवाद सांपडल्याचा आनंद त्या दिवशीं आम्हांस झाला होता.

पुढें आमचें काम भागलें. कोश जवळ ठेवून ग्रंथ वाचतां येऊं लागला. संभाषण थांबवावें असें आम्हीं कधींच ठरविलें नाहीं. पहिल्या रविवारीं परीक्षेचे पेपर होते. दुसऱ्या रविवारीं संकोच होता. तिसऱ्या रविवारीं संवय झाली. आठ महिन्यांनीं कांहीं निमित्तानें आम्हीं तें अ‍ॅप पुनः उघडलें तेव्हां त्यांचे चार निरोप पडून होते. पहिल्यांत प्रकृति बरी आहे ना, अशी चौकशी होती. दुसऱ्यांत, आमचें शेवटचें वाक्य तपासावयाचें राहून गेलें होतें तें तपासून धाडलें होतें. तिसऱ्यांत नातवाशीं फोनवर प्रथमच दहा मिनिटें इंग्रजींत बोललों, तुमचे उपकार, असें होतें. चौथा निरोप रोमन अक्षरांत, पण मराठींत होता, आणि तो एकाच वाक्याचा होता: मी नुसता बसलों आहें.

त्याच आठवड्यांत आम्ही वर्गांत कांटचा तो नियम मुलांस समजावून देत होतों.

ह्यावर आमच्या एका स्नेह्यांनीं जो आक्षेप घेतला तो वाचकांच्याहि मनांत येईल. ते म्हणाले, तुम्हीं उगाच मनास लावून घेतां. वाण्याकडून आपण साखर घेतों, न्हाव्याकडून केस कापून घेतों. त्यांसहि आपण साधनच करतों. दुकान बदललें म्हणून वाण्याची क्षमा कोण मागतो? तुम्हीं त्यांस इंग्रजी दिली, त्यांनीं तुम्हांस जर्मन दिली; जमाखर्च बरोबर झाला. आक्षेप वजनदार आहे. कांटनेंहि मनुष्यास साधन करूं नये असें म्हटलेलें नाहीं. केवळ साधन करूं नये असें म्हटलें आहे. एकमेकांचे हात लागल्यावांचून संसार चालावयाचा नाहीं. प्रश्न त्या ‘केवळ’चा, आमच्या ‘नुसत्या’चा आहे.

आमचें उत्तर असें आहे. साखर वाण्यापासून वेगळी काढतां येते. ती तागडींत पडली कीं वाणी निराळा आणि साखर निराळी. भाषेचें तसें होत नाहीं. जिवंत माणसाकडून भाषा घ्यावयाची म्हणजे तो जें बोलतो तेंच घ्यावयाचें, आणि मनुष्य बोलतो तें स्वतःविषयीं, आपल्या माणसांविषयीं, आपल्या सुखदुःखांविषयीं बोलतो. व्याकरणाचें पुस्तक राम आणि गोविंद ह्यांचीं उदाहरणें देतें, कारण राम आणि गोविंद कोठेंच नसतात. आमच्या उदाहरणांतला भाऊ मात्र होता. त्याची आई होती. तिच्या पानावरचा एक शब्द आम्हीं घेतला, आणि त्याची किंमत म्हणून इंग्रजी शब्दयोगी अव्ययांविषयीं अर्ध्या तासाची माहिती दिली. हा सौदा वेळेच्या मापानें बरोबर असेल. पण जी वस्तु आम्हांस मिळाली ती मापांत बसणारी नव्हती. अर्ध्या तासाचें देणें अर्ध्या तासानें फिटतें. विश्वासानें सांगितलेल्या गोष्टीचें देणें ती गोष्ट लक्ष देऊन ऐकल्यानेंच फिटतें. आम्हीं ती ऐकली नव्हती, नुसती टिपली होती.

ह्याची दुसरी बाजूहि आहे, आणि ती आमच्या विद्यार्थिनींनीं सांगितली. भाषेसाठीं म्हणून येणारे कित्येक पुरुष भाषेसाठीं येत नाहींत. दोन वाक्यें झालीं कीं छायाचित्र मागतात, वय विचारतात, लग्नाच्या गोष्टी काढतात. आम्हीं भाषेसाठीं माणसाला साधन केलें. हे लोक माणसाला गांठण्यासाठीं भाषेला साधन करतात. दोहोंत अधिक निंद्य कोणतें हें सांगावयास नको. परंतु मूळ दोष एकच, समोरचा कशासाठीं आला आहे इकडे दुर्लक्ष.

दुसऱ्या एका गोष्टीची आम्हांस लाज वाटली, तीहि येथें सांगणें योग्य होईल. ‘तुमची भाषा कोणती?’ ह्या रकान्यांत आम्हीं ‘इंग्रजी’ असें लिहिलें होतें. २०११ च्या जनगणनेंत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक आहेत. तरी ह्या बाजारांत मराठीस गिऱ्हाईक मिळणार नाहीं, हें आम्हीं मनाशीं आधींच ठरविलें होतें. बुसू हें नांव कामेरूनमधील एका भाषेचें आहे, आणि १९८० नंतरच्या दशकांत ती बोलणारे अवघे आठ लोक उरल्याची नोंद झाली होती. त्या आठांपैकीं कोणी ह्या बाजारांत आला असता, तर त्यालाहि रकान्यांत बहुधा परकीच भाषा लिहावी लागली असती! अशा रीतीनें आम्हीं उसनें नाणें देऊन खरें नाणें घेतलें. आणि ज्यांस आम्हीं मराठी देऊं केली नव्हती त्यांनींच तेवढी एका शब्दाची मराठी जपून ठेविली आणि आमच्या दाराशीं आणून ठेविली.

मग काय करावें? जन्मभर प्रत्येक संवादकाशीं मैत्री ठेवावी काय? तसें कोणी म्हणणार नाहीं. मनुष्याचें मन धर्मशाळा नव्हे, आणि सर्वांचे मित्र म्हणविणारे बहुधा कोणाचेच मित्र नसतात. निघून जाण्याचा हक्क प्रत्येकास आहे. परंतु निघून जाणें आणि नाहींसें होणें ह्यांत अंतर आहे. आपल्याकडे पाहुणा उठला म्हणजे ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतो. तो पुनः येईलच असा त्याचा अर्थ नसतो. तुमचा आमचा संबंध मी येथें तोडून टाकीत नाहीं, एवढाच असतो. जर्मन माणूसहि निरोप घेतांना पुन्हा भेटूं अशाच अर्थाचे शब्द उच्चारतो. ह्या अ‍ॅपमध्यें मात्र निरोप घेण्याची गरजच ठेवलेली नाहीं. बोट उचललें कीं संबंध संपला. समोरच्याचें तोंड दिसत नाहीं, उंबरठा ओलांडावा लागत नाहीं. बरें, तीं भेटण्याचीं ठिकाणेंहि आपल्या मालकीचीं नव्हेत. लाइव्हमोका २०१३ सालीं दुसऱ्या एका कंपनीनें विकत घेतलें आणि २०१६ सालीं तें बंद झालें. ज्यांनीं एकमेकांचे पत्ते निराळे लिहून ठेवले नव्हते, त्यांच्या ओळखी धर्मशाळेबरोबरच गेल्या. म्हणून जी शिष्टाई ती जागा आपल्याकडून मागत नाहीं, ती आपण आपल्यावर घालून घेतली पाहिजे.

येथें कोणी म्हणेल, एवढी दगदग हवी कशाला? आतां यंत्रच बोलूं लागलें आहे. २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचीं जीं संवाद करणारीं यंत्रें सर्वांच्या हातीं आलीं, तीं कोणत्याहि मोठ्या भाषेंत तासन्तास बोलतात, न कंटाळतां चुका सुधारतात, आणि मध्येंच सोडून दिलें तर नुसतीं बसून राहत नाहींत. ज्याला दुःख होत नाहीं त्याचें ऋणहि होत नाहीं. खरें सांगावयाचें तर क्रियापदांचीं रूपें घोकण्यासाठीं आम्हीहि आतां यंत्रच वापरतों, आणि जिवंत माणसाचा भूतकाळ त्यासाठीं खर्चीं घालण्यापेक्षां तें अधिक नीतीचें आहे असें आम्हांस वाटतें. परंतु त्यानें सर्व काम होईल असें मात्र वाटत नाहीं. यंत्र जें बोलतें तेंहि कोट्यवधि माणसांनीं लिहून ठेविलेल्या मजकुरांतून शिकलेलें आहे. तेव्हां ऋण नाहींसें झालें नाहीं, फक्त सावकाराचें नांव वहींतून पुसलें गेलें. आणि दुसरें असें कीं, बोलणें म्हणजे शब्द जुळविणें एवढेंच नव्हे. बोलणारा आपल्या बोलण्यास बांधलेला असतो. ‘येतों’ म्हटल्यावर वाट पाहणारें कोणी असतें, म्हणून त्या शब्दास अर्थ आहे. ‘द्रूबेन’ ह्या शब्दाचा अर्थ आम्हांस यंत्रानें अचूक सांगितला असता. पण तो सांगतांना त्याचें कोणीहि पलीकडे राहिलेलें नसतें.

तात्पर्य, भाषेचें ऋण दुहेरी आहे. विद्येचा जो भाग, तो ऋषिऋणाच्या रीतीनें पुढच्यास शिकवून फेडतां येतो. आम्हीं आतां रकान्यांत ‘मराठी’ असें लिहिलें आहे, आणि गिऱ्हाईक येईल तेव्हां येईल. परंतु माणसाचा जो भाग तो त्याच माणसास परत करावा लागतो. तो दुसऱ्यास देऊन फिटत नाहीं. त्यासाठीं फार लागत नाहीं. त्यानें सांगितलें तें ऐकावें, त्याच्या नातवाची चौकशी करावी, आणि जावयाचें असेल तेव्हां सांगून जावें.

हें सारें सुचल्यावर आम्हीं त्या गृहस्थांस पत्र लिहिलें. यंत्राची मदत न घेतां, कोश जवळ घेऊन, दोन रात्रीं खपून लिहिलें. क्षमा मागितली, आणि शेवटीं जो प्रश्न त्या रविवारीं विचारावयास हवा होता तो विचारला: तुमचे बंधु पुढें भेटले काय? तीन आठवडे उत्तर आलें नाहीं, आणि तें येण्याचा आमचा कांहीं हक्कहि नव्हता. नंतर आमचेंच पत्र परत आलें. त्यांनीं तें नेहमीप्रमाणें ओळीनें तपासलें होतें. दोन ठिकाणीं नामांचें लिंग चुकलें होतें, एके ठिकाणीं क्रियापद वाक्याच्या शेवटीं हवें होतें. आणि आम्हीं जेथें जेथें ‘झी’ लिहिलें होतें तेथें तेथें त्यावर रेघ ओढून खालीं ‘दू’ लिहिलें होतें. भावाविषयींच्या प्रश्नापुढें त्यांनीं एवढेंच लिहिलें होतें कीं ती गोष्ट मोठी आहे, रविवारीं सांगतों.

त्या रविवारीं आम्हीं घड्याळ लावलें नाहीं.